‘येते’ म्हणायचं राहिलं

शैलाताई,

सोमवारच्या आत तुझा कानोसा काढून टाकायचा आहे. हुकूम माथुरसाहेबांचा, हात माझे. तुझा तेरावा अजून व्हायचा आहे आणि इकडे मी तुझ्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून तुझंच काम पुसायला घेतलंय. हे सांगू कुणाला? जयपूरच्या राजा पार्कातल्या आपल्या ऑफिसात मराठीत भांडता येईल असं माणूस एकच होतं, आणि ते तू होतीस. घरी आईला सांगितलं तर ती म्हणते, दोन घास खाऊन घे. म्हणून तुलाच सांगतोय. ऐकू येत असेल तर ऐक, नसेल तरी मी बोलणार आहे.

परवा विद्याधर नगरला तुमच्या घरी गेलो होतो. भाऊजींच्या बँकेतली मंडळी भेटायला आली होती, त्यांना दारापर्यंत सोडून ते आत आले आणि माझ्यासमोर बसले. मग म्हणाले, "प्रशांत, कानोसा म्हणजे काय रे? शब्द मला माहीत आहे. पण दवाखान्यात तापात ती सारखी म्हणत होती, प्रशांतला सांगा, कानोसा. पुढचं काही कळलं नाही आम्हाला."

मी त्यांना जमेल तसं समजावलं. म्हटलं, भाऊजी, कम्प्यूटरवर पान उघडतं ना, त्याच्या आत जावास्क्रिप्टचं काम चाललेलं असतं. ते दिसत नाही. कुठे अडलं तर नुसतं अडतं, का ते कळत नाही. म्हणून त्या कामानेच अधूनमधून सांगत राहायचं, की मी इथवर आलो, हे घेतलं, ते मिळालं नाही. हे सगळं सांगणं ऐकून घेणारी एक छोटीशी फाइल ताईने लिहिली होती, तिचं नाव कानोसा. आम्ही आजवर जे जे बनवलं त्या प्रत्येकात ती आहे.

"मग तिला काय सांगायचं होतं?" भाऊजींनी विचारलं.

मला माहीत नाही, ताई. बंद कर म्हणत होतीस की चालू ठेव म्हणत होतीस? काही चुकलं होतं, की तापात नुसतीच आठवण झाली? तेव्हापासून मी ती फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतोय आणि पुन्हा वरून सुरू करतोय. आहेच केवढी ती, चहा निवायच्या आत वाचून होते. तिच्यात काहीही चुकलेलं नाही. चुकलेलं असतं तर निदान मला काही करता आलं असतं.

खरं सांगायचं तर कानोसा जन्मला तुझ्या तोंडाळपणामुळे. तेव्हा आपल्याकडे साधनं होती तरी काय? पान बिघडलं की खाली कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण यायचा आणि म्हणायचा, पानावर चूक आहे. कुठे आहे ते तुमचं तुम्ही बघा. मग आपण पानालाच टप्प्याटप्प्यावर निरोपाच्या चौकटी उघडायला लावायचो. एक चौकट आली, बटण दाबलं, दुसरी आली, बटण दाबलं. बोट दुखून यायचं. त्या चौकटींत तू इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचीस, कारण जौहरी बाजारातले आपले सेठजी पाठीमागे उभे राहून सगळं वाचायचे. खड्यांचा व्यापार करणारा माणूस, भावसुद्धा रुमालाखाली बोटं दाबून ठरवणार, पण आपल्या पडद्यावरचं अक्षर न् अक्षर त्याला हवं. "लिही मराठीत," तू म्हणायचीस, "त्याच्या बापालेही समजत नाही."

आणि मग तुझी एक चौकट काढायची राहिली. सेठजी बाहेरगावच्या मोठ्या गिऱ्हाइकाला पन्ने, म्हणजे आपले पाचू, दाखवत होते. पडद्यावर मालाची यादी उघडली आणि तिच्या मधोमध उमटलं: चाल ना गाढवा. फोन मीच घेतला होता. "भाईसाहब, ये कम्प्यूटर हमको गधा बोल रहा है. पार्टी के सामने." मराठी कळणार नाही म्हणे. गाढव सगळ्या देशाला कळतं. मी घाबरून तुझ्याकडे बघितलं. तू रिसीव्हर माझ्या हातून घेतलास आणि साखरेसारख्या आवाजात म्हणालीस, "सेठजी, आपको नहीं बोल रहा. वो खुद को बोल रहा है, बहुत धीरे चल रहा था ना." आणि सेठजींना ते पटलं. तुझं कुणालाही काहीही पटायचं.

फोन ठेवल्यावर मात्र तू हसली नाहीस. "लोकांसमोर बोंबलायचं नाही अन् आपल्याजवळ मुकं राह्यचं नाही, असं काहीतरी पाह्यजे," म्हणालीस. मी हुशारी दाखवायला हेच काम करणाऱ्या, दुसऱ्यांनी लिहिलेल्या दोन तयार लायब्रऱ्या नेटवरून उतरवून आणल्या. भल्या मोठ्या, सगळ्या सोयींनी नटलेल्या. सेठजींकडे टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट. ती लायब्ररी उतरेपर्यंत त्यांचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात चहा पिऊन आलं असतं. तू एकदा बघितलंस आणि म्हणालीस, "कोथिंबिरीच्या जुडीसाठी ट्रक कायले लावून राह्यला?" आणि पदर खोचून बसलीस. पदर म्हणजे ओढणी, पण तुझं ते बसणं पदर खोचल्यासारखंच असायचं.

काय बनवलंस तू. एक फाइल आणि चार हाका. कुजबुज, सांग, टोक आणि ओरड. बारीकसारीक असेल तर कुजबुज, नेहमीचं असेल तर सांग, काही खटकलं तर टोक, आणि सगळं बुडालं तर ओरड. आपल्या मशीनवर पानाच्या तळाशी एक अरुंद पट्टी, तिच्यात चारही ऐकू यायच्या. गिऱ्हाइकाकडे पाठवताना एक शब्द बदलायचा, की पट्टी गायब आणि फक्त ओरड शिल्लक, तीही आपल्यापर्यंत गुपचूप पोचणारी. एवढंच. लोक याला फार मोठं काम म्हणणार नाहीत. मला त्या दिवसापासून आजवर तेवढं नेटकं काही लिहिता आलेलं नाही.

त्या पट्टीवर मी मराठी शिकलो, ताई. हे मी तुला कधी बोललो नाही. वडील रेल्वेत, मी जयपूरचाच वाढलेला, शाळा हिंदी, मित्र हिंदी, मराठी म्हणजे घरात जेवण मागण्यापुरती. तू मला हिंदीवाला म्हणून चिडवायचीस. तुझ्या ओळी दिवसभर डोळ्यांसमोरून जायच्या. "भाव आलाच नाही, कुठे अडकला?" "यादी रिकामी, उगाच हेलपाटा." हेलपाटा म्हणजे काय हे मी तुला विचारलं होतं. आज या मजकुरात एखादा शब्द बरा पडला असेल तर तो तुझ्या पट्टीवरून उचललेला आहे.

आणि ते येणं-जाणं. मी नवा होतो, पहिल्याच आठवड्यात बॅग उचलून म्हणालो, "चलो, जातो मी." तू मान वर न करता म्हणालीस, "मागं ये."

मी आलो.

"जातो म्हणत नसतात. येतो म्हणायचं."

"पण मी जातोय ना. मतलब, घरी."

"जायचं एकदाच असते बाप्पा. रोज येतोच म्हणायचं. अन् समोरचा 'ये' म्हणेपर्यंत पायरी उतरायची नाही."

मग मी दारात उभा राहून म्हणालो, येतो. तू म्हणालीस, "सावकाश ये." पुढची सगळी वर्षं रोज संध्याकाळी हेच. पायऱ्यांखाली कचोरीवाल्याची गर्दी, त्यापुढे स्कूटरची गर्दी, म्हणून ते सावकाश. माथुरसाहेब केबिनमधून विचारायचे, "अरे भाई, ये जा रहा है या आ रहा है?" तू म्हणायचीस, "सर, हमारे यहाँ कोई जाता नहीं."

हीच रीत तू कामात आणलीस. प्रत्येक कामाच्या तुकड्याने सुरुवातीला म्हणायचं, आले. संपताना म्हणायचं, येते. माझ्या तुकड्यांनी आलो आणि येतो. काही बिघडलं की आपण पट्टी वाचायचो आणि बघायचो, 'आले' कुणी म्हटलं आणि 'येते' कुणी म्हटलं नाही. जो म्हणाला नाही तो आतच अडकलाय. सरळ तिथे जायचं आणि त्याला बाहेर काढायचं. पिवळ्या त्रिकोणाशी आपण लढायचो ते या एका रीतीवर. बाकीच्या जगात काय करतात मला ठाऊक नाही. आमच्यात निरोप घेतल्याशिवाय कुणी उठत नाही, म्हणून आपल्याला चूक सापडायची.

आपला एक वाद मात्र मिटला नाही. कानोशालाच काही झालं तर? फाइल पोचलीच नाही, तर? मी म्हणायचो, मग पानाने सरळ बंद पडावं, गिऱ्हाइकाचा फोन येऊ दे, निदान आपल्याला कळेल. तू म्हणायचीस, अजिबात नाही. सांगणाऱ्याने स्वतःचं रडगाणं गायचं नाही. तो नसला तर नसला, घर चाललं पाहिजे. मी चिडून म्हणालो होतो, "जे काढून टाकलं तरी कुणाला कळत नाही, ते ठेवायचं कशाला?" तू चष्मा पुसत म्हणालीस, "तेच तर पाह्यजे रे. असताना कामाचं अन् नसताना अडचण नाही." मी म्हटलं, हा मूर्खपणा आहे. तू म्हटलंस, चहा सांग. वाद तिथेच राहिला.

मी अजूनही म्हणतो, हा मूर्खपणा आहे. तुझं स्वतःचं काय झालं बघ ना. कूलर बंद करायला लावलास, तेव्हा मी विचारलं, ताप आहे का. "थोडासा हाय." डबा तसाच परत नेलास, तेव्हा विचारलं. "भूक नाही." सगळी कुजबुज, ताई. एकदा तरी टोकायचं होतंस मला. एकदा तरी ओरडायचं होतंस. तुझ्या घरात तू आजारी आहेस हे दवाखान्यात डॉक्टरने सांगितल्यावर कळलं, आणि त्यांनी सांगितलं तेव्हा सांगून काही उपयोग नव्हता. भाऊजी मला म्हणाले, ती कधी कुरकुर करायची नाही रे. कौतुकाने म्हणाले. मला ते कौतुक सहन झालं नाही. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

त्या शेवटच्या शुक्रवारी तू लवकर निघालीस. मी सेठजींशी फोनवर बोलत होतो, त्यांचं ते कधी न संपणारं. तू दारातून हात वर केलास. मीही केला. तुझ्या ओठांनी काही म्हटलं असेल तर ते मला ऐकू आलं नाही. मी रोज तो क्षण परत आणून बघतो. दार, हात, जिना. आवाज नाही.

आपल्या हिशोबाने, ताई, ज्याने 'आले' म्हटलं आणि 'येते' म्हटलं नाही तो अजून आतच आहे. त्याला शोधायला जायचं असतं. मी सगळीकडे जाऊन बघितलं. तुझा ड्रॉवर उघडला, त्यात लवंगा आणि तुटकी क्लिप. तुझ्या जुन्या फाइली उघडल्या. तुझ्या मोबाइलवर फोन लावला, तो भाऊजींनी उचलला. तू कुठेच अडकलेली नाहीस. हे मला कळतं, मी वेडा नाही. पण रीत तू घातलीस, आणि ती रीत मला बसू देत नाही.

माथुरसाहेब वाईट नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून पाणी दिलं, मग म्हणाले, "बेटा, शैलाजी का काम सोना है. लेकिन अब इसे पढ़ेगा कौन? तुम अकेले हो. कल तुम भी कहीं चले गए तो?" दिल्लीचं एक मोठं काम मिळतंय, त्यांची माणसं आपली पानं तपासणार, त्यांना सगळं इंग्रजीत हवं आणि नेहमीच्या ओळखीच्या लायब्ररीत हवं. आता तारेचं इंटरनेटही राहिलेलं नाही, फाइल मोठी असली तरी चालते. त्यांचं म्हणणं चूक नाही. मी हात जोडले. खरंच जोडले, ताई, तू बघितलं असतंस तर थोबाडीत दिली असतीस. म्हटलं, कानोसा राहू द्या, मी नुसते शब्द बदलतो, सगळं इंग्रजीत करतो. ते म्हणाले, देखो, हो सके तो.

दोन दिवस तेच करत बसलो. 'आले'चं इंग्रजी झालं. 'येते'पाशी अडलो. नव्या लायब्ररीतल्या नमुन्यात तिथे एक शब्द ठेवलाय, त्याचा अर्थ सरळ बाहेर पडली, गेली. बरोबर आहे, काम संपलं की तुकडा बाहेरच पडतो. पण तू एवढी वर्षं प्रत्येक कामाच्या शेवटी 'येते' म्हणत होतीस, आणि तिथे मी माझ्या हाताने 'गेली' लिहू? एकदा लिहिलं आणि पुसलं. परत लिहिलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. परत येऊन माथुरसाहेबांना म्हटलं, नाही होत. पूर्ण काढूनच टाकतो.

आज शनिवार, दुपारची वेळ, बाकी सगळे लवकर गेले होते. मी कानोशाची फाइल बोलावणारी ती एक ओळ काढली. बाकी काही काढलं नाही. मला माहीत होतं काय होणार. शेकडो जागी तुझ्या हाका आहेत, आले, येते, सांग, टोक, आणि ऐकणारा नाही. पान पहिल्याच हाकेला कोसळणार. मी त्याची वाट बघत होतो, ताई. मला ते कोसळायला हवं होतं. पिवळा त्रिकोण दिसला असता तर मी माथुरसाहेबांना दाखवला असता, की बघा, ती नसेल तर काहीही चालत नाही.

पान उघडलं. सेठजींची यादी आली. पन्ने, माणिक, पुष्कराज, सगळं जागच्या जागी. खाली कोपऱ्यात त्रिकोण नाही. मी एकेक बटण दाबून बघितलं, आधी सावकाश, मग वेड्यासारखं. सगळं चाललं.

मग शोधलं तेव्हा सापडलं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तू दोन ओळी घालून ठेवल्या होत्यास. कानोसा नसेल तर त्याच्या जागी एक मुका उभा कर, कुणी हाक मारली तर घेऊ दे आणि गप्प राहू दे. आपलं भांडण झालं, मी चहा सांगायला गेलो आणि तू वाद जिंकून मोकळी झालीस. मला सांगितलंसुद्धा नाहीस. तापात तुला हेच सांगायचं होतं का? की घाबरू नको, काढलं तरी चालेल? तेच असेल तर ते मला ऐकायचं नाही. दुसरं काहीही सांग. चूक काढ, शिवी दे, गाढव म्हण.

तुझ्या हाका मी काढलेल्या नाहीत. मला फक्त फाइल काढायला सांगितली होती. सोमवारपासून सेठजींच्या दुकानात प्रत्येक बटणामागे कुणीतरी 'आले' म्हणेल, 'येते' म्हणेल, आणि ते कुणालाही ऐकू येणार नाही. दिल्लीवाल्यांना दिसतील तेव्हा दिसतील.

मशीन बंद केलं. बॅग घेतली. दारात सवयीने पाय थांबले आणि तोंडातून निघालं, "येतो." मोठ्याने निघालं. ऑफिस रिकामं आहे असंच मी धरून चाललो होतो. खाली कचोरीवाला कढईत झारा आपटत होता. मी उभा राहिलो. तूच सांगितलं होतंस, 'ये' म्हणेपर्यंत पायरी उतरायची नाही.

आणि केबिनमधून माथुरसाहेबांचा आवाज आला. ते तिथे आहेत हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं रोज कानावर पडून त्यांनाही पाठ झालं असावं. जड, हिंदी जिभेने, अगदी तुझ्या ठेक्यात ते म्हणाले, "सावकाश ये."

शब्द बरोबर होते, ताई. तू नव्हतीस तरी काहीच अडलं नाही. मी दोन पायऱ्या उतरलो आणि तिथेच बसून रडलो.